बार भरणारा हात

युद्धाचा इतिहास लिहिताना आमचे ग्रंथकार सेनापती मोजतात, घोडदळ मोजतात, तोफा मोजतात. मुलूख किती गेला आणि किती राहिला याचाही हिशेब मांडतात. परंतु गेल्या तीन-चारशे वर्षांतील लढायांचा निकाल ज्या एका मापावर पुष्कळ अंशी अवलंबून राहिला, त्या मापाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. ते माप म्हणजे बंदुकीची गोळी आणि बंदुकीची नळी यांच्यामधील अंतर. हे अंतर केसाएवढे असते, आणि कदाचित म्हणूनच ते इतिहासकाराच्या डोळ्यांत भरत नाही. कोणी म्हणेल, हा विषय लोहाराचा. इतिहासाच्या अध्यापकाने त्यात कशाला पडावे? आमचे उत्तर असे की, त्या केसाएवढ्या फटीतून एका वेळी एक साम्राज्य निसटता निसटता राहिले आहे. शिवाय ती फट कोणी जुळवायची, म्हणजे बंदुकीचा बार कोणाच्या हाताने भरायचा, हा प्रश्न केवळ यंत्रविद्येचा नाही. तो माणसामाणसांतील विश्वासाचा आहे.

हा विषय आम्ही वर्धा जिल्ह्यात उभे राहून पाहणार आहोत, आणि त्यास कारण आहे. महात्मा गांधी १९३६ साली ज्या शेगावी राहावयास आले व जे पुढे सेवाग्राम झाले, ते ह्याच जिल्ह्यात. आणि देशातील अत्यंत मोठ्या दारूगोळा-भांडारांपैकी एक, पुलगावचे मध्यवर्ती भांडार, तेही ह्याच जिल्ह्यात. दोहोंत विरोध दाखवून टाळ्या मिळविणे सोपे आहे. तो मोह टाळून आरंभापासूनच पाहू.

मराठेशाहीत जी बंदूक सर्वत्र होती ती तोड्याची. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची, गजाने ठासावयाची. कानाशी रंजक घालावयाची, आणि पेटता तोडा त्यावर टेकवावयाचा. ह्या सर्व क्रियेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंदूकवाला हा स्वतःच आपला कारखाना होता. शिशाची गोळी साच्यात ओतावयाची, आणि तो साचा त्या बंदुकीच्या नळीशी जुळता असावा लागे. एकाची गोळी दुसऱ्याच्या नळीत बसेलच असा भरवसा नसे. दारू किती घालावी हे त्याच्या हाताला ठाऊक. गोळी सैल बसली तर दारूचा जोर कडेने निसटे व गोळी भलतीकडे जाई. घट्ट बसली तर नेम चांगला लागे, परंतु ठासण्यास वेळ लागे, आणि चार-सहा बार झाल्यावर नळीत काजळी धरली की गोळी अर्ध्यावरच अडे. अर्धवट बसलेल्या गोळीवर बार काढणे म्हणजे नळी फुटण्यास आमंत्रण. तेव्हा घट्टपणा आणि सैलपणा यांचा मेळ प्रत्येकजण आपल्या हाताने, आपल्या अनुभवाने आणि आपल्याच जिवावर घालीत असे. आमच्या भाषेने ही विद्या अद्याप विसरलेली नाही. एखादी गोष्ट आम्ही 'ठासून' सांगतो, आणि एखाद्याचा बेत फसला की त्याचा 'बार फुसका' निघाला असे म्हणतो.

युरोपियन पद्धतीच्या कवायती पायदळाने ह्या व्यवस्थेला पहिला धक्का दिला. काडतूस हा शब्द आम्हांस पोर्तुगीजांकडून आला, आणि शब्दाबरोबर वस्तूही आली: मोजून भरलेली दारू व एक गोळी कागदाच्या पुरचुंडीत बांधलेली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ज्या इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली, ते ह्या नव्या पद्धतीचे पायदळ होते. एकाच वेळी शेकडो बंदुका उडवावयाच्या, तर प्रत्येकाने आपापला साचा घेऊन बसून चालणार नाही. सर्वांच्या नळ्या एका मापाच्या हव्यात आणि गोळी त्या सर्वांत बिनबोभाट उतरली पाहिजे. इंग्रजांच्या त्या काळच्या प्रसिद्ध बंदुकीची, ब्राउन बेसची, नळी सुमारे .७५ इंच व्यासाची, आणि तिची गोळी सुमारे .६९ इंचाची. म्हणजे हेतुपुरस्सर ठेवलेली फट .०६ इंचाची! ही फट म्हणजे नेमबाजीचा बळी देऊन विकत घेतलेला वेग होय. अमुक एक माणूस टिपावयाचा नसून समोरची रांग पाडावयाची होती. त्या कामास सैल गोळी पुरेशी होती. येथे प्रथमच गोळी आणि नळी जुळविण्याचे काम शिपायाच्या हातातून निघून सरकारी कोठाराकडे गेले. तथापि पुरचुंडीत काय आहे हे शिपायास दिसत होते, आणि ती फोडून दारू नळीत ओतणारा हात त्याचाच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या विद्येत जी क्रांती झाली ती फटीसंबंधीच होती. नळीच्या आत पेचदार खाचा असल्या तर गोळी फिरत जाते व नेम दूरवर लागतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते; अडचण एवढीच की, खाचांत रुतण्याइतकी घट्ट गोळी तोंडातून ठासता ठासता शिपायाचा जीव जाई. फ्रान्समधील मिन्ये नामक अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास ह्यावर तोड काढली. त्याची गोळी लांबट, टोकदार व बुडाशी पोकळ होती. ती सैल उतरे. परंतु दारू पेटताच तिचे बूड फुगून खाचांत रुते. जाताना सैल, येताना घट्ट! इंग्रजांची १८५३ ची एनफील्ड रायफल ह्याच तत्त्वावरची. नळी .५७७ इंच, गोळी .५६८ इंच; फट उरली इंचाच्या हजार भागांपैकी अवघ्या नऊ भागांची, आणि तीतच गोळीभोवतीच्या कागदाची जाडी सामावयाची.

आता वाचकांनी पुढील कार्यकारणभाव नीट पाहावा. फट इतकी लहान झाली की कोरडा कागद नळीतून सरकेना. म्हणून कागदाला वंगण हवे झाले. वंगण हवे म्हणून चरबी आली. काडतुसाचे टोक दातांनी तोडावयाचे अशी कवायत पूर्वीपासून होती. म्हणून चरबी तोंडाशी आली. ती चरबी कोणत्या जनावराची असावी ह्याविषयी आरंभी कोणी खबरदारी घेतल्याचे आढळत नाही. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे ही कुजबुज प्रथम उठली. २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे उभा राहिला. २४ एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाच्या पंच्याऐंशी शिपायांनी काडतुसे घेण्यास नकार दिला, आणि १० मे रोजी वणवा पेटला. नागपूर प्रांतही अगदीच अलिप्त राहिला नाही. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चार वर्षेही लोटली नव्हती. आजचा वर्धा जिल्हा तेव्हा नागपूर जिल्ह्यातच मोडे. जूनच्या १३ तारखेस नागपुराजवळ टाकळीच्या घोडदळाचा उठाव होता होता राहिला.

१८५७ ची कारणे पुष्कळ होती, आणि काडतूस हे त्यांतले एक, हे आम्हांस मान्य आहे. परंतु काडतुसाची हकीकत सांगताना इंग्रज ग्रंथकार, व त्यांच्यामागून आमच्यातीलही काही, ती अंधश्रद्धेची हकीकत म्हणून सांगतात, हे आम्हांस मान्य नाही. वस्तुतः सरकारने जानेवारीच्या अखेरीसच शिपायांना आपापले वंगण लावण्याची मोकळीक दिली होती, दातांऐवजी बोटांनी काडतूस फाडण्याची कवायतही काढली होती, आणि मेरठला ज्या काडतुसांवरून तंटा झाला ती तर जुन्याच पद्धतीची, चरबी नसलेली होती. मग नकार कशाचा? नकार होता तो न दिसणाऱ्या हाताचा. जोवर शिपाई आपली गोळी आपण ओतीत होता तोवर 'ह्यात काय आहे?' हा प्रश्नच उद्भवत नव्हता. दुसऱ्याने भरलेला बार हाती घेताच तो उद्भवला, आणि तो प्रश्न विचारण्याचा शिपायास पूर्ण अधिकार होता. सरकारने उत्तर दिले ते उशिरा दिले, आणि उशिरा दिलेले खरे उत्तरही खोट्यासारखे वाटते.

ह्या प्रकरणाची दोन पुरवणी-प्रकरणे आहेत, आणि ती इतिहासग्रंथांत सहसा सापडत नाहीत. नळीत काजळी धरली की .५६८ इंचाची गोळी गोऱ्या शिपायांच्याही हातून उतरेना. तेव्हा १८५९ मध्ये तिचा व्यास.५५० इंचावर आणला गेला. म्हणजे काळ्या शिपायाची तक्रार धर्माची आणि गोऱ्याची यंत्राची, तरी दोहोंचे मूळ एकाच फटीत होते. दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. बंडानंतर हिंदी पलटणींसाठी इंग्रजांनी १८५८ च्या नमुन्याची जी बंदूक काढली, तिच्या नळीतील पेच काढून टाकून ती सुमारे .६५ इंचापर्यंत गुळगुळीत पोखरण्यात आली. बाहेरून एनफील्ड, आतून ब्राउन बेसची बहीण! आपल्याच शिपायाचा नेम चुकावा म्हणून सरकारने पदरचा खर्च करून फट वाढविली, ह्याहून अविश्वासाचे मोजता येईल असे माप दुसरे कोणते असणार?

पुढे तोंडातून ठासण्याचे युगच संपले. १८६६ च्या सुमारास कर्नल बॉक्सरच्या काडतुसाने दारू, गोळी व पेट घेणारी टोपी एकाच धातूच्या पुंगळीत बसविली, आणि बंदूक मागून भरू लागली. पुण्याजवळ खडकीस १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो ह्याच काळात. आता शिपायाने पुंगळी आत सरकवावयाची आणि चाप ओढावयाचा. आत काय आहे हे त्याने पाहावयाचे नाही. किंबहुना पाहणे हाच गुन्हा.

मग गोळी आणि नळी यांमधील फट नाहीशी झाली काय? नाही, ती स्थलांतर करून नळीच्या कंठाशी जाऊन बसली. कंठ म्हणजे, पुंगळी जेथे बसते ती पोकळी संपल्यापासून पेच सुरू होईपर्यंतचा नळीचा भाग. पुंगळीच्या तोंडात बसविलेली गोळी सुटली की ती प्रथम ह्या कंठातून धावते व मग पेचांत शिरते. ही धाव किती लांब असावी, ह्यात सर्व मर्म आहे. गोळी अगोदरच पेचांना टेकलेली असेल तर दारू पेटताना तिला धाव मिळत नाही. ती अडून राहते आणि आतील दाब एकदम चढतो. जितकी दारू थोडी धाव असताना योग्य, तितकीच टेकलेल्या गोळीमागे धोक्याची ठरू शकते. उलट गोळी पुंगळीत फार खोल रेटली तर दारूला जागा कमी पडते, आणि त्यानेही दाब वाढतो. लहान पुंगळीच्या पिस्तुली काडतुसांत तर हा धोका विशेष. कंठ लांब ठेवला तर दाब सौम्य राहतो, पण आधाराविना धावणारी गोळी किंचित तिरपी होऊन पेचांत शिरण्याचा संभव वाढतो, आणि नेम बिघडतो. ठासणीच्या बंदूकवाल्याचा जुना प्रश्न, घट्ट की सैल, हा तोच. फक्त आता तो गजाच्या टोकाशी न सुटता कारखान्यातील मोजपट्टीवर सुटतो.

शिवाय कंठ स्थिर राहत नाही. इंग्रजांनी १८८८ मध्ये .३०३ इंचाची ली-मेटफर्ड रायफल घेतली, आणि थोड्याच वर्षांत काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट नावाची धूरविरहित दारू वापरण्यास आरंभ केला. त्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन शेकडा ५८, गनकॉटन ३७ आणि व्हॅसलीन ५ भाग असे. तिची आच इतकी प्रखर की मेटफर्डचे उथळ, गोलसर पेच भराभर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये खोल व कोनदार असे पाच पेच असलेली एनफील्ड नळी आली. आणि बोअर युद्धानंतर कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीन शेकडा ३० वर उतरविण्यात आले. ही झीज कंठापासून सुरू होते, कारण आच तेथे सर्वांत अधिक. परिणामी जे काडतूस नव्या नळीत नेमके बसते, त्याची गोळी झिजलेल्या नळीत पेचांपासून दूर राहते. नळी म्हातारी होते, काडतूस मात्र तेच.

लष्कराने ह्यावर काढलेला तोडगा दीडशे वर्षांपूर्वीचाच होता. एकच काडतूस लक्षावधी बंदुकांत, नव्यात व जुन्यात, चिखलात व धुळीत, अडल्यावाचून शिरले पाहिजे, म्हणून.३०३ च्या नळीतील पोकळी मोकळी ठेवली गेली. ब्राउन बेसची फट अशा रीतीने वेष पालटून परत आली. ज्याला हे सैलपण सोसत नाही तो हौशी नेमबाज परदेशांत स्वतःची काडतुसे स्वतः भरतो: आपल्या एका नळीचा कंठ मोजतो, गोळीच्या टोकापासून न मोजता तिचा फुगवटा जेथे पेचांना भिडतो तेथपासून माप घेतो, कंठ झिजत गेला की गोळी तितकी बाहेर बसवितो, आणि दारू थोडी कमी घेऊन हळूहळू वाढवीत जातो. ह्या सुशिक्षित, सूक्ष्ममापी कारागिरात आम्हांस पानिपतापूर्वीचा तो साचा बाळगणारा बंदूकवालाच पुन्हा दिसतो.

आमच्याकडे त्या बंदूकवाल्याचे काय झाले? लिटन साहेबांच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या शस्त्रावर परवान्याची अट आली, आणि युरोपियनांस तीतून सूट मिळाली. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधींनीही १९१८ च्या आपल्या एका पत्रकात ह्या कायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या काळ्यातील काळ्या कृत्यांत केली होती, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यात परवाना कायम राहिला. परंतु त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या रक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याकडे हे जुने हत्यार कायद्याने मान्य आहे. दारू मोजून, गोळी वा छर्रे ठासून, जेथे भरणारा हात आणि उडविणारा हात एकच आहे, असे हे बहुधा शेवटचे ठिकाण.

दुसऱ्या टोकास पुलगाव आहे. वर्धा नदीकाठच्या, देवळी तालुक्यातील ह्या गावाजवळील भांडारात निरनिराळ्या कारखान्यांचा माल येऊन साठतो व तेथून सैन्याकडे जातो. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथील एका कोठारास आग लागली. सुमारे १३० टन रणगाडाविरोधी सुरुंग नष्ट झाले. दोन अधिकारी आणि आग विझविण्यास धावलेले जवान व अग्निशामक मिळून पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सुरुंगांतून पाझरणारे टी.एन.टी. हे कारण लष्करी चौकशीत पुढे आले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी भांडारानजीकच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामी स्फोट होऊन सहा माणसे गेली. त्यांतील बहुतेक आसपासच्या गावांतील रोजंदारीचे मजूर होते.

ह्या दोन घटनांचा उल्लेख आम्ही येथे करतो तो कोणावर ठपका ठेवण्यासाठी नाही. सैन्यास दारूगोळा हवा, आणि तो कोठेतरी साठवावाच लागणार. पण आमच्या विवेचनाचा धागा येथेच येऊन पोचतो. तोड्याच्या बंदुकीत चुकीचा बार भरला तर नळी भरणाऱ्याच्याच तोंडावर फुटे; त्यामुळे त्याच्या काळजीस दुसरा पहारेकरी लागत नसे. आज सुरुंग भरणारा एका गावी, साठविणारा दुसऱ्या, तो पुरणारा सीमेवर, आणि मुदत संपलेला माल खांद्यावरून वाहून खड्ड्यात नेणारा सोनेगाव-केळापूरच्या बाजूचा शेतमजूर. कवच आणि त्यातील द्रव्य नीट जुळले की नाही, हे माप ज्याच्या हाती असते त्याच्या जिवावर बेतत नाही. ज्याच्या जिवावर बेतते त्याच्या हाती माप नसते. श्रमविभागाने वेग येतो, स्वस्ताई येते, अचूकताही येते. परंतु धोका आणि ज्ञान ह्यांची फारकत होते, हा त्याचा दोष अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच मांडलेला असतो.

वर्ध्यास मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योगाचे जे प्रयोग झाले, त्यांच्या मागे वापरणारा आणि बनविणारा यांतील अंतर कमी करावे ही दृष्टी होती, असे आम्ही समजतो. ती दृष्टी दारूगोळ्यास लावता येणार नाही हे उघड आहे. घरोघर सुरुंग भरावेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिचा अर्धा भाग येथेही लागू पडतो. बनविणे वाटून घेता आले नाही तरी जाणणे वाटून घेता येते. मजुराच्या खांद्यावर जी पेटी दिली जाते, तीत काय आहे, ते किती वर्षांचे आहे, ते पाझरते काय, आणि ते कसे उचलावे, हे त्याला त्याच्या भाषेत, उचलण्यापूर्वी सांगणे ह्यात कोणतेही लष्करी गुपित फुटत नाही.

'ह्यात काय आहे?' हा प्रश्न १८५७ च्या वसंतात शिपायांनी विचारला, तेव्हा त्यांना अडाणी ठरविण्यात आले. आज तोच प्रश्न भांडाराच्या कुंपणालगतच्या गावांतून विचारला जात असेल, तर तो अडाणीपणाचा म्हणून झिडकारणे इतिहास वाचलेल्या कोणासही शोभणार नाही. सरकारने तेव्हाचे उत्तर उशिरा दिले होते. ह्या वेळी ते वेळेवर, आणि पेटी उचलण्याआधी दिले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.